दाराकडे पाठ

फार पूर्वी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या टोकाला एक दगडी चर्च होतं. चर्च लहान, मंडळीही लहान. घंटा मात्र भली मोठी. ती वाजली की शेजारच्या गावातले बैलसुद्धा कान टवकारतात, असं इथले लोक सांगत. शेजारच्या गावातल्या लोकांना विचारलं तर ते नुसते हसत.

पाऊस सरला, बाजरीची कणसं भरली की या चर्चमध्ये एकच गडबड उडे. पुरुष भिंतींना चुना लावत. बायका अंगण सारवत. गायनमंडळातले गुरुजी पेटी बाहेर काढत आणि वर्षभर तिच्यात राहिलेल्या झुरळांना हाकलत. दाराला झेंडूच्या माळा, वेदीच्या दोन्ही बाजूंना कणसांसकट बाजरीची उभी ताटं. ही सगळी तयारी कापणीच्या सणाची. नव्या पिकाचा पहिला वाटा त्या रविवारी देवापुढे ठेवायचा आणि उपासना झाली की अंगणातल्या कडुनिंबाखाली सगळ्यांनी एका पंगतीत जेवायचं.

या सणाची एक जुनी रीत होती. आदल्या दिवशी दुपारी प्रत्येक घरातून एखाद-दुसरं माणूस डोक्यावर टोपली घेऊन चर्चमागच्या खोलीपाशी येई. टोपलीवर फडकं झाकलेलं. एकेकानं आत जायचं, दार लोटून घ्यायचं, आणलेलं खाली ठेवायचं आणि टोपली पुन्हा झाकून बाहेर यायचं.

"रिकाम्या टोपलीवर फडकं कशाला?" लहान मुलं विचारत.

"रीत आहे," मोठी माणसं म्हणत. रीत म्हटलं की प्रश्न मिटतो, निदान मुलांचा तरी.

त्या खोलीला एक दारराखीण असे. तिची टोपली सगळ्यांत आधी आत जाई. मग ती दाराशेजारच्या दगडावर बसे, आणि तीही कशी? दाराकडे पाठ आणि कडुनिंबाकडे तोंड करून.

आपली गोष्ट आहे ती त्या दारराखणीची. तिचं नाव तबीथा. सगळे तिला तबीथाकाकू म्हणत. हे काम तिला सासूकडून आलं होतं. किल्ली देताना सासू म्हणाली होती, "पाठ करून बसायचं. मान वळवायची न्हाई. आन् कशापायी, ते इचारायचं न्हाई."

आता तबीथाकाकू बाई वाईट होती असं कुणी समजू नये. आजाऱ्याच्या उशाशी बसायला ती सगळ्यांच्या आधी हजर असे. पण तिच्या मनाला एक खोड होती. दूध घेतलं की ती आधी त्यात बोट बुडवून बघे. कुणी तिच्या भाकरीची तारीफ केली की याला आता काय मागायचंय, असा विचार तिच्या मनात येई. कुणी रस्त्यात 'सलाम, काकू' म्हटलं तर हा आज एवढ्या मोठ्यानं का म्हणाला, यावर ती घरी पोचेपर्यंत विचार करी. तिचा नवरा म्हणे, "हिची सावली हिच्या मागं चालली, तर ही तिलाबी दरडावंल, का गं, माझ्या मागं का?"

अशा बाईला दाराकडे पाठ करून बसवायचं म्हणजे मांजराला दुधाकडे पाठ करून बसवण्यासारखंच होतं. 'राखण दाराची, आणि पाठही दारालाच! ही कसली राखण?' दरवर्षी ती मनाशी म्हणे. दरवर्षी मागून दाराची करकर ऐके. आणि दरवर्षी तिच्या मानेला रग लागे.

एका वर्षी काय झालं, सणासाठी दानाचं पितळी तबक घासायचं काम तिच्याकडेच आलं. टोपल्यांच्या दुपारी बसल्या बसल्या घासावं म्हणून ती चिंच आणि राख घेऊनच दगडावर बसली. तबक घासता घासता लख्ख झालं. इतकं लख्ख, की त्यात तिचा चेहरा दिसायला लागला. आणि चेहऱ्याच्या मागे खोलीचं दार दिसायला लागलं.

तिनं मान वळवली नव्हती. 'मान वळवू नकोस एवढंच सासूबाई म्हणाल्या होत्या. तबकाचं काही म्हणाल्या नव्हत्या,' तिनं स्वतःला समजावलं आणि तबक जरा तिरकं धरलं.

तेवढ्यात रिबका आली. रिबका म्हणजे विणकराची विधवा. नवरा ऐन पावसाळ्यात तापानं गेला होता. पदरात दोन लहान मुली, घरात माग बंद पडलेला. ती आत गेली तेव्हा तिच्या टोपलीवरचं फडकं मध्ये खचलं होतं आणि टोपलीला एका हाताचा आधार पुरत होता. बाहेर आली तेव्हा फडकं फुगलं होतं. दोन्ही हातांनी टोपली धरलेली, मान ताठ, आणि डोक्यावरची चुंबळ पार चेपलेली.

तबीथाकाकूनं तबक आणखी तिरकं केलं. देवाच्या वाट्यातलं धान्य! भर दुपारी! आणि माझ्या राखणीत!

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मग काय, लोहार आत गेला तर एवढा वेळ का लावतोय? गुरुजी बाहेर येताना खोकले का? लोहाराच्या म्हातारीनं फडक्याला गाठ का मारलीय? दुपार संपेपर्यंत तबीथाकाकूच्या लेखी अर्धी मंडळी चोर होती आणि उरलेली अर्धी त्यांना सामील होती.

पण पुरावा हवा होता. तो तिला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला.

तबीथाकाकूच्या ओढ्याकाठच्या बांधावर भोपळ्याचा एक वेल होता. त्याचं बी तिनं लग्नात माहेरहून पदराला बांधून आणलं होतं. त्याच्या भोपळ्यांवर पांढरे पट्टे असत आणि बिया कडेनं काळ्या. असा भोपळा गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता, कारण बी मागायला आलेल्या प्रत्येकीला 'हिला माझंच बी का हवंय?' असं वाटून काकूनं परत पाठवलं होतं. त्यातला सगळ्यांत मोठा भोपळा तिनं सणाला दिला होता. रविवारी सकाळी चर्चला जाताना ती मुद्दाम रिबकाच्या गल्लीतून गेली. रिबकाच्या छपरावर एका सुपात बिया वाळत होत्या. पांढऱ्या बिया, कडेनं काळ्या.

चर्चमध्ये खोलीतलं सगळं वेदीपुढे मांडलं होतं. बाजरी होती, मूग होते, भुईमुगाचे वेल होते. पट्ट्यांचा भोपळा नव्हता. पाळकबाबांनी त्या दिवशी कशावर उपदेश केला ते काकूला विचारलं असतं, तर तिला एक शब्दही सांगता आला नसता.

उपासनेनंतर तिनं पाळकबाबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. पाळकबाबा गावात नवे होते. त्यांनाही त्या रितीचं कारण ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "काकू, घाई करू नका. तिला एकटीला बाजूला घ्या आणि विचारा. कदाचित काही वेगळं असेल."

काकूला क्षणभर वाटलं, खरंच असं करावं. पंगतीत रिबकाच्या धाकट्या मुलीनं हातात भाकरी धरली होती आणि ती आजूबाजूला बघून हसत होती. पण मग काकूला सुपातल्या बिया आठवल्या.

"न्हाई," ती म्हणाली. "चोरी चारचौघांच्या दारातली, तर न्यायबी चारचौघांतच व्हायला पायजे."

आणि पंगत अर्धी झाली असताना ती उभी राहून म्हणाली, "माझा पट्ट्यांचा भोपळा वेदीपुढं दिसला न्हाई. त्याच्या बिया रिबकाच्या छपरावर वाळत्यात. टोपली हलकी नेली आन् जड आणली, मी सोता ह्या तबकात बघितलं. काय गं रिबका, खरं का खोटं?"

पंगतीतले हात थांबले. रिबका उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"भोपळा मी नेला, काकू. पर चोरला न्हाई," ती म्हणाली. "मला ज्यानं ही वाट दाखवली, त्याचं नाव मी घेनार न्हाई."

"म्हंजे टोळीच हाय!" तबीथाकाकू म्हणाली.

लोहाराची म्हातारी काहीतरी बोलणार होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. गुरुजींनी मान खाली घातली. आणखी दोघं-तिघं आपापल्या पत्रावळीकडे बघत राहिले. त्यांना उत्तर माहीत होतं. पण जो उत्तर देईल त्यालाच पुढचा प्रश्न आला असता, 'तुला कसं माहीत?' म्हणून ते गप्प बसले. रिबकानं दोन्ही मुलींचे हात धरले आणि ती भरल्या पंगतीतून निघून गेली.

त्याच दिवशी पंचांनी ठराव केला. पुढच्या वर्षापासून टोपलीवरचं फडकं दाराशीच काढायचं, जाताना आणि येताना. दारराखणीनं दाराकडे तोंड करून बसायचं. तबीथाकाकूनं आपल्याकडून एक कलम जोडलं, "आन् जो टोपली घेऊन येनार न्हाई, त्याच्या मनात खोट हाय असं समजायचं." पाळकबाबांना हे पटलं नव्हतं, पण नव्या माणसाचं ऐकतो कोण?

दाराचा बंदोबस्त झाला. पण संशय दाराशी बसून राहत नाही, तो घरोघर फिरतो.

त्या वर्षी कुणी कुणाकडे विरजण मागायला जाईना. बायका पापड लाटायला एकत्र बसत, पण प्रत्येकीचा पापड प्रत्येकीच्या सुपात. भिशीच्या जेवणात कुणाच्या डाळीत पाणी जास्त, यावर कुजबुज होई. गायनमंडळात दोन तट पडले, आणि पेटी एका बाजूला राहिली, तबला दुसऱ्या. रिबका चर्चच्या आत येईनाशी झाली. गाणी सुरू झाली की ती बाहेर पायरीवर येऊन बसे आणि संपायच्या आत निघून जाई. तबीथाकाकूनं तिच्या गल्लीतून जाणंच सोडलं. का सोडलं, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

गंमत अशी, की लोक आता काकूलाही बिचकू लागले. ती ओट्यावर आली की बोलणं थांबे. 'तबकातून बघणारी बाई ही. आणखी कुठून कुठून बघत असेल, कोण जाणे!' पूर्वी काकू साऱ्या गावावर संशय घेत होती. आता सारं गाव तिच्यावर घेत होतं.

पुन्हा बाजरी भरली. उन्हं तापली. लोकांनी कापणी केली, आणि सणाच्या तोंडावर परतीचा पाऊस असा काही आला की ओढा एका दुपारीत फुगला. गावातल्या बहुतेकांची खळी उंचावर होती, ती वाचली. तबीथाकाकूचं खळं ओढ्याकाठी होतं. कणसं वाहून गेली, बांध गेला आणि बांधावरचा वेलही गेला. माहेरचं बी तिच्या घरातून कायमचं संपलं.

लोक विचारपूस करायला आले तेव्हा ती म्हणाली, "थोडं गेलं. बरंच आधी घरात आणलं व्हतं." घरात काहीच नव्हतं. पण लोक हे का विचारतायत, असं तिला वाटलं. तिची खोड ऐन संकटातही सुटली नाही.

टोपल्यांची दुपार जवळ आली. नवरा म्हणाला, "शेजारून पायलीभर बाजरी आण." पण ज्या गावात विरजण मिळत नव्हतं, तिथे बाजरी कोण देणार? आणि मागितली तर उद्या सगळ्यांना कळणार. जाऊच नये, तर तिचंच कलम आडवं येत होतं. 'जो येणार नाही त्याच्या मनात खोट.' तिनं स्वतः सांगितलेले शब्द तिला पाठ होते.

शेवटी तिनं टोपलीत भुसा भरला. चिखलातून वेचलेली, कोंब आलेली चार कणसं वर ठेवली आणि फडकं झाकून ती निघाली.

कडुनिंबाखाली रांग लागली होती. यंदा टोपल्या मोठमोठ्या होत्या. उघड्या दाखवायच्या म्हणून कुणी बाजारातून विकतचे मूग आणून वर पसरले होते. काकू दाराशी पोचली आणि थबकली. तिला रीत आठवली. पहिली टोपली दारराखणीची.

"चला काकू, काढा फडकं," लोहार म्हणाला. "तुमचाच ठराव."

"एवढा वेळ का लागतोय?" मागून कुणीतरी म्हणालं. काकूनं तो आवाज ओळखला नाही, पण तो प्रश्न ओळखला. गेल्या वर्षी तबकाआडून तिनं हाच प्रश्न साऱ्या गावाबद्दल विचारला होता.

तिचा हात फडक्यावर होता आणि उचलत नव्हता. तिला वाटलं, धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. आणि त्याच क्षणी तिला पहिल्यांदा रिबकाचा तो पांढराफटक चेहरा आठवला.

रांगेच्या शेवटून एक बाई पुढे आली. ती रिबकाच होती. वर्षभरात तिनं माग पुन्हा सुरू केला होता, पासोड्या विणून बाजारात नेल्या होत्या आणि झोपडीमागच्या तुकड्यात थोडं पेरलंही होतं. तिच्या डोक्यावर टोपली होती आणि टोपलीवर घट्ट झाकलेलं फडकं. तिनं काकूच्या टोपलीकडे पाहिलं. फडक्याखाली धान्य आहे की भुसा, हे ज्याच्यावर वेळ आलेली असते त्याला न उघडता कळतं.

"फडकं काढ गं," लोहार म्हणाला.

"मी न्हाई काढनार," रिबका म्हणाली. "माझ्यावर संशय घ्यायचाच आसंल तर घ्या. मला आता त्याची सवय हाय. पर माझी टोपली झाकूनच आत जानार आन् झाकूनच बाहेर येनार."

ती आत गेली. दार लोटलं गेलं. थोड्या वेळानं ती बाहेर आली, टोपली झाकलेलीच. कुणी तिला अडवलं नाही. मग ती तबीथाकाकूपाशी आली आणि हळूच म्हणाली, "काकू, आता तुमी जा. मी बसते दाराशी."

आणि ती त्या दगडावर बसली. दाराकडे पाठ, कडुनिंबाकडे तोंड.

तबीथाकाकू आत गेली. तिनं दार लोटलं. खोलीत दुसरं काहीच नव्हतं. रिबकानं ठेवलेलं तेवढं होतं, थोडी बाजरी, मूठभर भुईमूग, आणि एक मोठा भोपळा. भोपळ्यावर पांढरे पट्टे होते.

काकू खाली बसली. वाळलेल्या त्या बिया रिबकानं पेरल्या होत्या. साऱ्या जगात आता त्या बियांचं एवढंच उरलं होतं, आणि ते जिला चोर म्हटलं तिच्या हातून आलं होतं. सासूनं न सांगितलेलं सगळं काकूला त्या खोलीत कळलं. टोपलीवर दोन्ही वेळा फडकं का, दार का लोटायचं, राखणीनं पाठ का करायची. काही जण इथे भरलेली टोपली रिकामी करायला येतात आणि काही जण रिकामी टोपली भरायला. बाहेरून दोन्ही टोपल्या सारख्याच दिसाव्यात म्हणून कुणीतरी शहाण्या माणसानं ती फडकी घातली होती. ती तोंडाला पदर लावून रडली.

मग तिनं भुसा कोपऱ्यात ओतला आणि तो भोपळा आपल्या टोपलीत ठेवला. देताना तिचा हात कधी जड झाला नव्हता, घेताना झाला. तिनं फडकं झाकलं आणि दार उघडलं.

बाहेर तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं. लोहार, त्याची म्हातारी, गुरुजी, पंच, अख्खी रांग कडुनिंबाकडे तोंड करून उभी होती. आणि सगळ्यांच्या टोपल्यांवर फडकी होती.

दुसऱ्या दिवशी पंगतीत तबीथाकाकू पुन्हा उभी राहिली. "रिबकाला मी चोर म्हनले. ती चोर नव्हती. मीच आंधळी होते. पोरी, मला माफ कर," ती म्हणाली आणि तिनं रिबकाच्या धाकटीला आपल्या पानाशेजारी बसवलं. रिबकानं काकूच्या पानात भाकरी वाढली.

त्या भोपळ्याच्या बिया काकूनं सुपात वाळवल्या आणि यंदा गावातल्या प्रत्येक घरात जाऊन वाटल्या. पुढच्या पावसाळ्यात छपराछपरावर पट्ट्यांचे भोपळे लागले. तेव्हापासून त्या गावात कुठला भोपळा कुणाच्या घरचा, हे ओळखणं कुणालाच जमलं नाही. तबीथाकाकू मरेपर्यंत दारराखीणच राहिली. टोपल्यांच्या दुपारी ती दाराकडे पाठ करून बसे, आणि मागे दार कितीही करकरलं तरी तिच्या मानेला पुन्हा कधी रग लागली नाही.

तात्पर्य: झाकलेलं सगळंच चोरीचं नसतं, काही फडकी कुणाची तरी लाज राखतात. दुसऱ्याचं फडकं ओढण्याआधी एवढं लक्षात ठेवावं, की उद्या त्याच दारात आपली टोपली घेऊन आपल्यालाही उभं राहायचं आहे.